व्हळीनं झाड

फाल्गुन लागला की नंदुरबारात माणसं एकमेकांना आधी खोकून भेटतात आणि मग बोलतात. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडलेली असते. वारा तिकडून सुटला की सगळ्या गावाला ठसका लागतो. पाहुणे नाकाला रुमाल लावतात. आम्ही लावत नाही. ज्याला हा ठसका सोसत नाही त्यानं खुशाल दुसरीकडे राहावं, असं माझं मत आहे, आणि या वयात मतं बदलायची मला हौस नाही.

यंदा असाच वारा सुटलेला असताना नातसून एक कुंडी घेऊन घरात आली. रोपवाल्याच्या हातगाडीवरून आणलेली. कुंडीत वीतभर रोप, जाड चकचकीत पानं, पानांच्या कडेला काटे.

"आजी, ओळखा बरं हे काय आहे? हॉली! बाल्कनीत ठेवू या. इथं कुणाकडेच नाही."

मी चष्मा पुसला, रोपाकडे नीट पाहिलं आणि मला इतकं हसू आलं की हसता हसता श्वास कोंडला. तिनं घाईनं पाणी आणून दिलं. तिला वाटलं, मिरची लागली. मीही तसंच वाटू दिलं. "इथं कुणाकडेच नाही" हे वाक्य मी या गावात साठएक वर्षांपूर्वी ऐकलेलं आहे, आणि ते म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हा जे वाटलं तेच आजही वाटतं. तो माणूस माझा सासरा होता. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलणारे बोलोत.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. जंगलखात्यात त्यांनी उभी नोकरी कारकुनीत काढली आणि शेवटी हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. इंग्रज होते तेव्हा त्यांचा एक गोरा साहेब होता. उन्हाळा आला की साहेब तोरणमाळच्या बंगल्यावर मुक्कामाला जायचा. तो घाट साहेब घोड्यावरून चढायचा आणि नाना फायलींच्या पेट्यांमागून पायी. वर गेलं की गार वारा, तळं, रात्री पांघरूण. नाना सांगायचे, "अगदी विलायत हो, विलायत!" विलायत नानांनी पाहिली होती ती एका बिस्किटांच्या डब्यावर. साहेब देश सोडून गेला तेव्हा त्यानं नानांना आठवण म्हणून तो डबा दिला. आतली बिस्किटं साहेबाच्या घरच्यांनी आधीच खाल्लेली होती. डबा रिकामा होता. नानांनी तो रिकामा डबा काचेच्या कपाटात ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवत राहिले. डब्याच्या झाकणावर बर्फ होतं, एक लाल दाराचं घर होतं आणि दाराशी ते झाड होतं. हिरवी काटेरी पानं, लालभडक फळांचे घोस.

रिकामा डबा मिळाला याचं वाईट वाटणारा माणूस मला कळतो. रिकामा डबा मिळाला याचा अभिमान बाळगणारा माणूस मला कधीच कळला नाही.

मी धानोऱ्याहून लग्न होऊन त्या घरात आले तो चैत्र होता. महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं आणि नंदुरबार तेव्हा तालुक्याचं गाव होतं. उंबऱ्याशी पाऊल टाकलं आणि पहिल्यांदा काही जाणवलं असेल तर तो लिंबाच्या फुलांचा वास. अंगणाच्या उत्तरेला मोरी होती आणि मोरीच्या पाण्यावर जिजींची लिंबोणी उभी होती. जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. बुटक्या, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. उन्हातून आलेल्या वऱ्हाडाला त्यांनी त्या लिंबांचं सरबत दिलं. मला देताना पेला हातात धरूनच ठेवला आणि म्हणाल्या, "हळू पी, पोरी. ऊन लागी जायेल शे तुले." सासरी मला कुणी बोललेलं पहिलं वाक्य ते. माझा नवरा नोकरीला बाहेरगावी होता, दिवाळीला तेवढा यायचा; एरवी घरात आम्ही तिघंच.

त्या लिंबोणीला कधी कुणी मुद्दाम पाणी घातलं नव्हतं. भांडी घासली, आंघोळी झाल्या की ते पाणी तिला. तेवढ्यावर ती बारमाही लागायची. गल्लीत कुणाला ऊन लागलं, कुणाचं पोर ओकायला लागलं, कुणाच्या दारात नजरेचं लिंबू बांधायचं असलं की बायका थेट आमच्या अंगणात यायच्या. घरातली ज्वारी मापून निघायची, तेल नाना स्वतः काढून द्यायचे, साखरेच्या डब्याला कुलूप होतं. कुणाला वाटीभर पीठ द्यायचं तरी जिजींना विचारावं लागे. लिंबू ही एकच गोष्ट अशी होती की ती द्यायला त्यांना कुणाला विचारावं लागत नव्हतं. बाई ओट्यावरून "जिजी" म्हणून हाक मारायची आणि जिजी हातातलं काम टाकून लगबगीनं झाडाखाली जायच्या. त्या वेळी त्यांची चाल वेगळी व्हायची. मी नवी होते, तरी ते माझ्या लक्षात आलं होतं.

पुढच्या वर्षी जिजी भाच्याच्या लग्नाला भावाच्या गावी गेल्या आणि नानांनी माणूस लावून लिंबोणी तोडली.

कारण काय, तर हॉली येणार होतं. उत्तरेकडच्या कुठल्या तरी थंड डोंगरातल्या रोपवाटिकेला नानांनी लिहिलं होतं, तिथून रोपं निघाली होती. त्या झाडाला सावली हवी, ओल हवी, उत्तरेची बाजू हवी, असं त्यांना कळलं होतं. आमच्या अंगणात सावली आणि ओल असलेली एकच जागा होती आणि तिथं आधीच कुणी तरी राहत होतं. नानांना त्यात अडचण दिसली नाही. फुलांनी भरलेलं झाड आडवं झालं तेव्हा अंगणभर इतका वास सुटला की शेजारची सखूबाई भिंतीवरून डोकावून "माय वं!" म्हणाली आणि तोंडावर पदर धरून आत गेली.

जिजी परत आल्या. हातातली पिशवी खाली ठेवण्याआधीच त्यांची नजर मोरीकडे गेली.

"लिंबूनं झाड कथं गयं?"

नाना आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. "शुद्ध बोला," ते म्हणाले. "कुठे गेलं, असं म्हणावं."

घरात अहिराणी बोलायची नाही हा नानांचा नियम होता. शे आणि व्हतं आणि मन्हं ही गावठी माणसांची भाषा, हेडक्लार्काच्या घरात ती शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळी गल्ली अहिराणीत जगत होती, भांडत होती, पोरं निजवत होती, आणि या एका घरात आम्ही शाळेची मराठी बोलायची, जशी काही रोज तपासणी व्हायची होती.

जिजींनी पिशवी खाली ठेवली. मग हळू, एकेक अक्षर सांभाळत त्या म्हणाल्या, "लिंबाचं झाड कुठे गेलं?"

"काढलं. तिथं हॉली लावायचं आहे," नाना म्हणाले आणि पान उलटलं.

मी दाराच्या आड उभी होते. माणसाचा तिरस्कार करायला पुष्कळ कारणं लागतात असं मला तोवर वाटत असे. त्या दिवशी कळलं की एक पुरतं.

रोपं पार्सलनं आली. ओल्या तरटात गुंडाळलेली, वर चिठ्ठ्या चिकटवलेली. नाना कोट घालून स्टेशनावर गेले होते. टांग्यातून ते पुडकं मांडीवर घेऊन आले, पहिलं नातवंड आणावं तसे. तरट सोडलं तर तीन रोपांतली दोन वाळून गेली होती. इथला उन्हाळा भोगण्याआधीच सुटली, शहाणी होती. तिसरं जगलं आणि आमच्या घराला लागलं.

आता लिंबोणीची गोष्ट वेगळी आणि या पाहुण्याची वेगळी. मोरीचं पाणी त्याला चालत नसे. साबणाचं पाणी, खरकटं पाणी म्हणजे साहेबी झाडाचा अपमान. मोरीला बाजूनं चर काढून ते पाणी गटारात सोडून दिलं गेलं, आणि त्याला रोज विहिरीचं ताजं पाणी घालायचं ठरलं. ठरवलं नानांनी. घालायचं जिजींनी. उन्हाळ्यात गल्लीची विहीर खोल जायची. दोर ओढून तळहाताला फोड यायचे. स्वयंपाकाचं पाणी, पिण्याचं पाणी, आणि शेवटी त्या झाडाचा हंडा. मी घालते म्हटलं तर नानांना चालायचं नाही, सुना घाई करतात, मुळाशी माती उघडी पडते. मग जिजी कमरेत वाकून तांब्यातांब्यानं पाणी घालायच्या आणि नाना ओट्यावरून सांगायचे, "सावकाश. सावकाश."

वैशाखात तर कहर. झाडाला झळा लागू नयेत म्हणून त्याच्याभोवती बांबूची चौकट करून वाळ्याची ताटी बांधली. ती ताटी ओली ठेवायची. दुपारभर अंगणात वाळ्याचा तो गोड थंड वास दरवळायचा, आणि दहा पावलांवर पत्र्याच्या पडवीत आम्ही दोघी चुलीवर कुरडयांचा चीक हाटत असायचो, घामानं पोलकं पाठीला चिकटलेलं. एकदा मी म्हणाले, "जिजी, त्या ताटीआड आपणच जाऊन बसू या का?" जिजी हसल्या. आवाज न करता हसायच्या त्या, नुसते खांदे हलायचे. मग पुन्हा चीक हाटायला लागल्या.

झाड वाढत होतं असं म्हणणं धाडसाचं होईल. ते होतं, इतकंच. वर्षाकाठी वीतभर उंच व्हायचं आणि पानांची टोकं जळून तपकिरी व्हायची. त्याची वाळकी पानं अंगणात पडायची आणि पायात घुसायची. ना सावली, ना वास, ना पाखरू. चिमणीसुद्धा बसत नसे. नाना मात्र संध्याकाळी काठी टेकत त्याच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, "सगळ्या खानदेशात कुणाकडे नाही." अहो, नसेल कसं? बाकीच्यांना अक्कल होती.

एकदा लांबच्या नात्यातले एक शेतकी कॉलेजातले मास्तर जेवायला आले होते. नानांनी त्यांना झाडाकडे नेलं. फळं अजून का धरत नाहीत म्हणून विचारलं. मास्तर जेवून सुस्तावले होते. म्हणाले, यात नर वेगळा, मादी वेगळी. एकट्या झाडाला फळ यायचं नाही, आणि हा नर असला तर कधीच यायचं नाही. नानांचा चेहरा उतरला. मी आत जाऊन जिजींना ते सांगितलं. जिजी कणीक मळत होत्या. बाहेर नाना आहेत याची खात्री करून त्या हळूच म्हणाल्या, "नरच व्हई. पानी पेस आन काटा दाखाडस." त्या दिवशी आम्ही दोघी पोळ्या करताना इतक्या हसलो की दोन पोळ्या करपल्या.

मला नवल वाटायचं ते लाल रंगाचं. नानांना हवी होती हिरव्या पानांत लाल फळं, आणि ती पाहायला ते पाच वर्षं डोळे लावून बसले. अरे, नंदुरबारात राहून लाल रंगासाठी झुरायचं? गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाका, पथाऱ्यांवर मिरची पसरलेली, नजर पोचेल तिथवर लाल. त्यात उभ्या राहून बायका मिरची वरखाली करतात, त्यांच्या लुगड्यांचे काठ लाल, टाचा लाल, शिंकून शिंकून डोळे लाल. रस्त्यानं सातपुड्याकडे तोंड केलं की पळस पेटलेला, अंगावर एक पान नाही आणि फांदी न् फांदी फुललेली. त्यांच्या विलायतेत थंडीत सगळं मरून जातं म्हणे, म्हणून एखाद्या झाडाला चार लाल फळं राहिली की त्यांना सण वाटतो. ते मला पटतं. त्यांनी करावा सण. पण दारात एवढा पळस फुलला असताना डब्याच्या झाकणावरची चार फळं ज्याला मोठी वाटतात, त्याचे डोळे फुटके नाहीत तर काय आहेत?

असो. या झाडानं आमचं एकदाच मनोरंजन केलं, आणि ते त्याच्या नावानं.

नाना म्हणायचे "हॉली". ओठांचा चंबू करून, साहेब म्हणायचा तसं. गल्लीला काय ऐकू येणार? गल्लीनं ऐकलं होली. होली म्हणजे होळी, आणि होळी म्हणजे आमच्याकडे व्हळी. झालं. महिनाभरात सगळीकडे झालं की नानांच्या घरी व्हळीनं झाड आलं. नानांनी आधी चिडून पाहिलं. मग समजावून सांगायला गेले आणि जास्तच फसले. हे साहेब लोकांच्या मोठ्या सणाचं झाड आहे, ते सणाला घरात आणतात, त्याची आरास करतात, असं त्यांनी ओट्यावर बसून चारचौघांना सांगितलं. चारचौघांनी माना डोलावल्या. म्हणजे साहेब लोकांचीही व्हळी असते तर. आणि तिला लागणारं खरं झाड हेच.

पुढच्या होळीला सखूबाई आणि आणखी तिघी-चौघी पदराखाली ताटं झाकून आमच्या दारात उभ्या.

"जिजी, तुम्हना घर व्हळीनं झाड शे ना? निवद दाखाडाले उनूत."

नाना बाहेर गेले होते. जिजींनी त्यांना आत घेतलं. बायकांनी त्या काटेरी खुंटाला हळद-कुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला, साखरेचा हार घातला. तो हार काट्यांत इतका अडकला की सोडवताना तुटला. नाना परतले तेव्हा त्यांचं हॉली कुंकवानं माखलेलं होतं आणि त्याला मुंग्या लागलेल्या होत्या. त्यांनी साऱ्या गल्लीला अडाणी म्हटलं. पण दर होळीला बायका येत राहिल्या, आणि मला वाटतं, त्या झाडाला त्याच्या जन्मात जेवढा मान मिळाला तो त्या अडाण्यांनीच दिला.

आणि मग तो फाल्गुन आला. झाड माझ्या छातीला लागलं होतं, खोड मनगटाएवढं झालं होतं. पौर्णिमेच्या दुपारी जिजी पुरण वाटत होत्या, मी कणकेला तेल लावत होते. घरभर गूळ-वेलदोड्याचा वास. बाहेर डफ वाजला आणि वाजत वाजत आमच्याच दारात थांबला.

भिका अप्पा आले होते. मिरचीच्या पथारीचे मालक, गल्लीची होळी त्यांच्या पुढाकारानं व्हायची. मागे दहाबारा माणसं. एकाच्या हातात ताट, ताटात नारळ, हळद-कुंकू, नवं उपरणं. दुसऱ्याच्या खांद्यावर कुऱ्हाड. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या बसल्याच पाहत होतो.

"नाना," भिका अप्पा हात जोडून म्हणाले, "गल्लीनी व्हळी औंदा तुम्हीन पेटाडानी, आसं बठ्ठास्नी ठरायं. आन दांडा तुम्हना झाडना. एरंडना दांडा तं बठ्ठं गाव लावस. खरं व्हळीनं झाड फक्त तुम्हना घर शे."

होळी पेटवायचा मान नानांना, आणि तिच्या मधोमध रोवायचा दांडा हॉलीचा! मला वाटलं, आता नानांचा भडका उडणार. पाच वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं झाड, कपाटातला डबा, साहेब, विलायत. जिजींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा पाट्यावरचा हात थांबला होता.

नानांनी ताटाकडे पाहिलं. उपरण्याकडे पाहिलं. मागे उभ्या असलेल्या गर्दीकडे पाहिलं. त्या गल्लीत इतकी वर्षं राहून त्यांना कुणी कधी कसला मान दिला नव्हता. निवृत्त हेडक्लार्काला कोण विचारतो? भिका अप्पांनी उपरणं उलगडून त्यांच्या खांद्यावर घातलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि डफवाल्यानं एक थाप मारली. नाना फुलून आले. आणि मग मी माझ्या कानांनी ऐकलं.

"लई जा, भो, लई जा!" नाना म्हणाले. "झाडनं काय एवढं! आपला गल्लीना सन शे."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकलेली ती पहिली अहिराणी. किती सहज आली! आतमध्ये तीच होती, वर नुसता कोट होता. ज्या झाडासाठी फुललेली लिंबोणी आडवी केली, बायकोच्या हाताची सालं काढली, ते झाड एका उपरण्यावर देऊन टाकलं. नानांचा मी फार तिरस्कार केला आहे, पण त्यांच्या विलायती वेडाबद्दल कुठं तरी मला थोडी दया होती. वेडं तर वेडं, पण त्याचं काही तरी आहे, असं वाटायचं. तेही नव्हतं. त्यांचं काहीच नव्हतं.

कुऱ्हाडवाला मोरीकडे निघाला. आणि माझ्या शेजारून जिजी उठल्या. हाताला पुरण तसंच, डोक्यावरचा पदर घसरलेला. अंगणात एवढे पुरुष असताना त्या कधी ओटा उतरलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. त्या सरळ चालत गेल्या आणि झाडापुढे उभ्या राहिल्या.

"थांबा," त्या म्हणाल्या. "झाडले कोनी हात लावानं नही."

डफ थांबला.

"पाच साल पानी मी टाकं. झाड यास्नं नही, मन्हं शे. इचारानं व्हई तं मले इचारा."

शुद्ध बोला, असं त्या वेळी कुणी म्हणालं नाही. नाना हसल्यासारखं करत लोकांना म्हणाले, "बाईमाणसाला काय विचारायचं असतं? न्या तुम्ही." पण कुऱ्हाडवाला हलला नाही. त्याची बायको याच अंगणातून लिंबं न्यायची. भिका अप्पांनी एकदा नानांकडे पाहिलं, एकदा जिजींकडे. मग त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, ताट आपल्या हातात घेतलं आणि जिजींसमोर येऊन उभे राहिले.

"जिजी, तुम्हीन सांगा. लई जावूत का?"

जिजींनी पदराला हात पुसले, एकेक बोट. मला त्या वेळी इतकं भरून आलं की मी दाराची चौकट घट्ट धरली. त्या घरात कुणी त्यांना काही विचारतंय आणि त्या सांगेपर्यंत सगळे थांबलेत, असं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला वाटतं, त्यांनाही ते थोडा वेळ तसंच राहू द्यायचं होतं.

"नही," त्या म्हणाल्या. "एरंड काय संपी गया का नदीवरना? तोच लावा."

आणि पुरण वाटायला परत आल्या.

सणाच्या दिवशी बाईची नाराजी ओढवून घ्यायची भिका अप्पांना इच्छा नव्हती. माणसं एरंड आणायला गेली. दांडा आमचा नाही म्हटल्यावर पेटवायचा मानही दुसऱ्या घरी गेला. उपरणं तेवढं नानांकडे राहिलं, परत कसं मागणार? ते खांद्यावर घेऊन नाना संध्याकाळभर आरामखुर्चीत बसून राहिले, जेवले नाहीत. होळीला गेले नाहीत. जिजींशी बोलले नाहीत, पण त्यात नवं काही नव्हतं. जिजी आणि मी जेवलो. पुरणपोळी उत्तम झाली होती, दोन जास्तच खाल्ल्या.

मी समजले की जिजींना आता त्या झाडाचा लळा लागला. पाच वर्षं पाणी घातलेलं, काटेरी असलं तरी हातचं. बायका अशाच असतात, असं मनाशी म्हणून मी थोडी निराशही झाले.

धुळवडीच्या सकाळी ठक् ठक् आवाजानं जाग आली. उजाडत होतं. अंगणात आले तर जिजींनी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात कोयता, आणि हॉली आडवं झालेलं. खोडावर अजून दोन घाव घालून त्यांनी ते पुरतं सोडवलं. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. सरपण तोडताना असतो तसाच चेहरा.

आमच्याकडे धुळवडीला होळीच्या विस्तवावर पाणी तापवून आंघोळ करतात. गल्लीतल्या बायका विझत्या होळीवर हंडे ठेवायला निघाल्या होत्या. जिजी गेल्या नाहीत. त्यांनी अंगणातली पाण्याची चूल पेटवली, वर तांब्याचा हंडा ठेवला आणि झाडाचे तुकडे चुलीत घातले. हिरवं ओलं लाकूड, मला वाटलं नुसता धूर होईल. पण ते पेटलं. पानं तडतडली, काटे लाल होऊन वळले, आणि चांगला खणखणीत जाळ झाला. त्या जाळाकडे पाहत आम्ही दोघी बसलो. वाऱ्यावर मिरचीचा ठसका होता, लांबून डफाचा आवाज येत होता.

"जिजी, फांद्या पुढे सारू का?" मी विचारलं.

"सार," त्या म्हणाल्या.

नाना दात घासत बाहेर आले. मोरीकडे पाहिलं. तिथं खुंट होता. चुलीकडे पाहिलं. एक काटेरी पान अजून अर्धं जळायचं होतं, त्याची कड पेटत पेटत आत चालली होती. नाना म्हणाले, "माझं हॉली?"

जिजींनी हंड्यात बोट बुडवून पाहिलं.

"पानी तपी गयं," त्या म्हणाल्या. "आंग धुई ल्या, नही तं थंडगार व्हई जाई."

नानांनी दोरीवरचं धोतर ओढलं, खांद्यावर टाकलं आणि मोरीत गेले.